चारचा साचा

"सही इथं करा सर, आणि नावाखाली 'भाषातज्ज्ञ' असं लिहा," हर्षदा घाणेकर म्हणाली.

पंचनाम्याचा कागद तिने जीपच्या बॉनेटवर पसरला होता. मार्चचं ऊन. बॉनेट इतकं तापलेलं की कागदावर मनगट टेकायची सोय नव्हती. मी पेन उघडलं, बंद केलं, आणि वेळ काढायला विचारलं की पंचनाम्यात भाषातज्ज्ञाची गरज कधीपासून पडू लागली.

"आजपासून," ती म्हणाली. "पालखी चार वाजता साकवावर येते. आता पावणेतीन झालेत."

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. हर्षदा तेव्हा आमच्या तालुक्याची नायब तहसीलदार होती आणि त्या दिवसापुरती तहसीलदारही होती, कारण खऱ्या तहसीलदारांना दर शिमग्याला ठरल्या तिथीला ताप यायचा. वय अठ्ठावीस, पहिलीच नेमणूक. त्याआधी ती दहावी 'ब'मध्ये दुसऱ्या बाकावर बसायची आणि मी तिथे इंग्रजी शिकवायचो. जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात तिची जीप दारात आली. ड्रायव्हर म्हणाला, मॅडमनी बोलावलंय, सरकारी काम आहे. निवृत्तीला सहा वर्षं उरलेल्या माणसाला सरकारी काम म्हटलं की पहिल्यांदा पेन्शन आठवते. मी चप्पल शोधायच्याही भानगडीत न पडता बायकोची घालून निघालो.

तर हेदूळचा साकव. खाडीच्या अलीकडे हेदूळ, पलीकडे कांदळवाडी, मध्ये हा ऐंशी फूट लांब, सहा फूट रुंद पायपूल. दोन्ही काठांना दगडी आधार, पाण्यात दोन खांब, वर सिमेंटच्या फरश्या. एरवी त्याच्यावर एक सायकल किंवा डोक्यावर भारा घेतलेल्या दोन बायका यापेक्षा जास्त काही नसे. पण वर्षातून एक दिवस, शिमग्यात, तिथे दोन बहिणींची भेट व्हायची. हेदूळची जाखमाता थोरली, कांदळवाडीची काळकाई धाकटी. दोघींच्या पालख्या आपापल्या काठाने साकवावर चढायच्या, बरोबर मधोमध समोरासमोर यायच्या, आणि मग ढोलाच्या ठेक्यावर दोन्ही गावचे गडी त्या नाचवायचे. दीडशे माणूस त्या सहा फुटांत. एकाचा पाय उचलला की दीडशे पाय उचललेले.

आणि त्या सकाळी अकरा वाजता हर्षदाच्या टेबलावर एक अहवाल आला होता. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या बेलसरे नावाच्या प्राध्यापकांनी तालुक्यातले सगळे साकव तपासून तो फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पाठवला होता. कचेरीत आलेला कागद थेट वर जात नाही, प्रत्येक टेबलावर थोडी विश्रांती घेतो. हा दीड महिना विश्रांती घेत आला होता. अकराव्या पानावर हेदूळच्या साकवाबद्दल एकच इंग्रजी वाक्य होतं. त्याचा अर्थ असा, की डाव्या काठाचा, म्हणजे हेदूळकडचा दगडी आधार, तालात हलणाऱ्या दाट गर्दीखाली ढासळेल. आणि या ढासळण्याच्या आधी प्राध्यापकांनी एक शब्द घातला होता. माइट.

"माइट म्हणजे तीस टक्के," हर्षदा म्हणाली. "तुमचा तक्ता."

माझा तक्ता. त्याबद्दल सांगायलाच हवं. दहावी 'ब'च्या भिंतीवर, पिवळ्या पट्टीवर निळ्या ऑइलपेंटने तो रंगवलेला होता. इंग्रजीत एखादी गोष्ट घडण्याची खात्री किती, शक्यता किती, हे वेगवेगळ्या शब्दांनी सांगतात. आमच्या मुलांना ते शब्द पाठ व्हायचे, पण कुठला कधी वापरायचा ते कळायचं नाही. तक्त्याने तो प्रश्नच मिटवला. मस्ट, पंच्याण्णव टक्के. शुड, पंचाहत्तर. मे, पन्नास. माइट, तीस. कान्ट, शून्य. मुलांना मार्क पडायला लागले. अकरा शाळांनी तक्ता उतरवून नेला. मला जिल्ह्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला, शालीसकट. तालुक्यात माणसं तक्त्यात बोलायला लागली. प्रवीण जोगळे नावाच्या माझ्या विद्यार्थ्याला मुलीच्या बापाने विचारलं होतं की पोलिसात भरती होशील का, आणि तो म्हणाला होता, मे. बापाने शेजारच्या पोराकडून टक्केवारी काढून घेतली आणि सोयरीक केली. तो प्रवीण आता हवालदार होऊन, साकवाच्या तोंडाशी बंदोबस्ताला उभा होता. बंदोबस्त म्हणजे तो आणि आणखी एक. हा दुसरा हेदूळचाच, आणि चारच्या पालखीला त्याचा खांदा ठरलेला.

"बरं, तीस टक्के," मी म्हटलं. "मग?"

"पस्तीसच्या खाली काय असतं सर?"

"नापास."

"मग धोका नापास झाला," हर्षदा म्हणाली. तिने ते गमतीत म्हटलं नव्हतं. हेडक्लार्कशी बोलून, टिपणी लिहून, तिने हे सकाळपासून नीट बसवलं होतं. तिच्या बाजूने पाहिलं तर बसतही होतं. तीन वर्षांपूर्वीच्या एका तहसीलदाराने हीच पालखी तासभर अडवली होती, तेव्हा जीप उलटी झाली होती आणि आठवड्याभरात तहसीलदारही घाटापलीकडे गेले होते. अडवायची तर तिला कारण हवं होतं, आणि तीस टक्के हे कारण होत नव्हतं. सोडायची तर फाइलीत कागद हवा होता. तो कागद बॉनेटवर तापत होता. माइट या शब्दाचा अर्थ तीस टक्के असा होतो, असं त्यावर लिहिलेलं होतं. खाली माझ्यासाठी जागा.

एवढ्यात दाजी साळवी आले. दाजी म्हणजे जाखमातेचे पहिले मानकरी. सत्तरी उलटलेली, डोक्याला भगवा फेटा, हातात मानाचा नारळ. त्यांनी मला रामराम केला, माझ्या पायातल्या चपलांकडे एकदा पाहिलं आणि त्यावर काही न बोलण्याइतके ते मोठे होते. हर्षदाने त्यांना अहवालातलं सगळं सांगितलं. हे मात्र मी आजही तिच्या बाजूने धरतो. तिने काही लपवलं नाही.

दाजींनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, मी हापूसची कलमं लावतो. धा लावली की तीन मरतात. दरसाल मरतात. म्हणून काय लावायची नाय?"

आजूबाजूला आता वीसेक माणसं जमली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. तर्कात कुठे फट नव्हती. मी पेन पुन्हा उघडलं.

पण मग म्हटलं, सही करण्याआधी वाक्य तरी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं. अहवाल मागून घेतला. वाक्य तिथेच होतं, माइट तिथेच होता. पहिल्या पानावर प्राध्यापकांचा फोन नंबर होता. मी हर्षदाला विचारलं, यांना विचारलंस का? ती म्हणाली, सकाळी दोनदा लावला, उचलला नाही, आणि इथं आल्यावर रेंज नाही.

हेदूळला रेंज एकाच ठिकाणी होती, हे तालुक्यात सर्वांना ठाऊक होतं. साकवाच्या बरोबर मध्ये. मुंबईच्या मुलाशी बोलायला आया संध्याकाळी तिथे रांग लावायच्या.

मी तिचा मोबाइल घेतला आणि निघालो. साकवावर पाय ठेवण्याआधी उगाचच खाली वाकलो. डाव्या काठाच्या आधाराच्या दगडांमध्ये एक भेग होती. असेल पूर्वीपासून. मी बघत असताना एक खेकडा चिखलातून वर आला आणि त्या भेगेत गेला. आडवा. कुठेही न अडकता, घरात जावं तसा. खेकडा आडवा किती रुंद असतो, हे मला तोपर्यंत कधी मोजावंसं वाटलं नव्हतं.

मधोमध पोचलो. बायकोच्या चपलांचा चटचट आवाज येत होता, तेवढाच. पाणी खाली सरकायला लागलं होतं. फोन तिसऱ्या घंटेला उचलला गेला.

मी ओळख करून दिली, साकवाचं नाव सांगितलं, पालखीचं सांगितलं. बेलसरे म्हणाले, तुम्ही आत्ता कुठून बोलताय? मी सांगितलं. ते म्हणाले, आधी काठावर जा आणि मग बोला. मी म्हटलं, काठावर गेलो तर फोन बंद होतो.

"मग लवकर विचारा," ते म्हणाले.

"तुम्ही माइट लिहिलंय. आम्ही त्याचे तीस टक्के धरतोय. बरोबर आहे ना?"

"तीस? हा आकडा कुणी काढला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हे बघा," ते म्हणाले, "मी तो आधार वरून पाहिलाय. आतून किती पोकळ झालाय ते खोदल्याशिवाय कळत नाही. खोदायचे पैसे मंजूर नव्हते. दहा टक्के असेल, नव्वद असेल. आकडा माहीत असता तर आकडाच लिहिला असता ना? माहीत नाही म्हणून..."

इथे रेंज गेली. त्यांनी म्हणायचं ते म्हणून झालं होतं.

परत येताना मी साकवाच्या कडेकडेने चाललो, जणू मधून चालल्याने त्याला राग येईल. काठावर आता साठ-सत्तर माणसं होती. गावाच्या बाजूने ढोल ऐकू यायला लागले. सव्वातीन. देवळातून पालखी उठली होती.

हर्षदाने पेन पुढे केलं. "काय म्हणाले?"

"हर्षदा, तो तीसचा आकडा माझा आहे."

"माहीत आहे सर, म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

"तसं नाही. तो मी बनवलाय. कुठल्या पुस्तकात नाही."

तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. वर्गात एखादा मुद्दा कळला नाही की ती अशीच थांबून राहायची, पुढचं वाक्य येईल म्हणून. मी पुढचं वाक्य सांगितलं. जे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, ते सत्तर माणसांसमोर, ज्यांतली निम्मी माझ्या हाताखालून गेलेली होती.

शाळा तपासणी होती. हेडमास्तरांनी फतवा काढला होता की प्रत्येक धडा मोजता आला पाहिजे. भूगोलाने उंची मोजली, विज्ञानाने तापमान. इंग्रजीत काय मोजायचं? मी एका संध्याकाळी चहा पिता पिता त्या शब्दांना टक्के वाटून दिले, घरातली भांडी मुलांच्या नावावर करावीत तसे. दुसऱ्या दिवशी भिकू पेंटर आला. तो ट्रकांचे नंबर रंगवायचा, त्याच्याकडे आकड्यांचे पत्र्याचे साचे होते.

"माइटला मी चाळीस सांगितले होते," मी म्हटलं. "भिकू म्हणाला, चारचा साचा हरवलाय, तीन चालेल का. मी म्हटलं, चालेल."

ढोल जवळ येत होते. मग गर्दीतून प्रवीण जोगळेने, हवालदाराच्या पूर्ण गणवेशात, दहावीतल्या आवाजात विचारलं, "सर, मग मे पन्नास?"

"तोही मीच ठरवला."

"म्हणजे माझं लग्न..."

"तुझं झालंय आता," दाजी म्हणाले. "गप ऱ्हा."

हर्षदा माझ्याकडे बघत नव्हती. ती साकवाकडे बघत होती. "चाळीस," ती स्वतःशीच म्हणाली. "चाळीस म्हणजे पास."

मग तिने पंचनामा बॉनेटवरून उचलला, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवला. ड्रायव्हरला तलाठी कार्यालयातून खुर्ची आणायला पाठवलं. लाकडी, हाताची, पाठीवर सरकारी नंबर रंगवलेली खुर्ची आली. ती तिने साकवाच्या तोंडात आडवी ठेवली आणि तिच्यात बसली. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा उरली. तिथे दोन हवालदार उभे राहिले. एकाने खांद्यावर पालखीसाठी बांधलेला टॉवेल सोडून खिशात घातला.

"मॅडम, साकव पडंल म्हणता तुमी?" दाजींनी शांतपणे विचारलं. शांतपणाचीच भीती वाटावी असा तो आवाज होता.

"मी पडेल म्हणत नाही," हर्षदा म्हणाली. "पडणार नाही असं म्हणायला माझ्याकडे आता कागद नाही."

तेवढ्यात पालखी आली.

पालखी आली म्हणजे काय, ते कोकणाबाहेरच्या माणसाला सांगणं अवघड आहे. गुलालाच्या ढगातून ती आली, पुढे ढोल, मागे बायका, आणि उचलणाऱ्यांचे पाय एका ठेक्यावर. खुर्चीपासून दहा हातांवर ती थांबली. ढोल थांबले नाहीत. मागच्यांना पुढे काय झालंय ते दिसत नव्हतं, ते पुढे रेटत होते. पुढचे पाय रोवून मागे रेटत होते. पालखी लाटेवरच्या होडीसारखी हलत होती आणि तिच्यासमोर खुर्चीत एक बारीक मुलगी, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, बोटं पांढरी पडलेली. कुणीतरी ओरडलं, खुर्चीसकट उचला. एक दगड आला. कुणाला लागला नाही, खाडीत पडला. त्याचा डुबुक आवाज झाला नाही, चिखलात पडल्याचा झाला. त्या क्षणी त्यातला फरक माझ्या लक्षात आला नाही.

दाजींनी हात वर केला. ढोल थांबले.

दाजी गावाला म्हणाले, की सरकारी कागद खोटा निघाला आहे आणि सरांचा आकडा ट्रकच्या साच्यातला निघाला आहे. (मला ते वाक्य अजून तोंडपाठ आहे.) तेव्हा आता जिला जायचंय तिलाच विचारू. कौल लावा.

शांताराम गुरव पुढे झाला. जाखमातेचा पिढीजात पुजारी, अंगाने काटकुळा, कधी कुणाशी दोन शब्दांपेक्षा जास्त न बोलणारा. पालखी खाली ठेवली. शांतारामने पडदा सारला, देवीच्या मुखवट्याच्या उजव्या-डाव्या गालांवर झेंडूची एकेक पाकळी लावली आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. उजवी पाकळी आधी पडली तर साकवावरून जायचं. डावी पडली तर नाही. मध्ये कुणी हलायचं नाही, कुणी बोलायचं नाही. हे तीनशे लोकांना सांगावं लागलं नाही.

आम्ही पाकळ्यांकडे बघत राहिलो.

आयुष्यात मी पुष्कळ निकालांची वाट पाहिली आहे. हा एकच असा होता ज्यात मला कुठला निकाल हवा ते कळत होतं आणि तो मागण्याची मला लाज वाटत होती. उजवी पाकळी एकदा थरथरली. हर्षदाच्या मागे उभा असलेला प्रवीण श्वास घ्यायचा थांबला, ते मला ऐकू आलं. वारा होता. पाकळी पडली नाही. दहा मिनिटं. पंधरा. गुलालात घाम मिसळून माणसांच्या चेहऱ्यांवर ओघळ झाले होते. साडेचार वाजले. पाकळ्या होत्या तिथेच. दोन्ही.

"सर," प्रवीण माझ्या कानाशी म्हणाला, "देवीपण माइटच म्हणत्ये."

मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. पण कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्याने तासाभराचा ताण कुठेतरी उसवला.

पलीकडे, कांदळवाडीच्या काठावर, यातलं काहीच कळत नव्हतं. त्यांची पालखी केव्हाची येऊन थांबली होती. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की साकवाच्या या तोंडाशी कुणी बाई खुर्ची टाकून बसली आहे आणि थोरली जागची हलत नाही. रुसली असं समजले असतील. त्यांनी आपसात काय ठरवलं माहीत नाही, पण एकाएकी त्यांचा ढोल वाजला आणि आमच्या डोळ्यांसमोर धाकटीची पालखी साकवाला वळसा घालून काठाने खाली उतरली.

तेव्हा सगळ्यांनी खाडीकडे पाहिलं. पाणी गेलं होतं. ओहोटी पुरी लागली होती, आणि साकवाखाली गुडघाभर काळा चिखल तेवढा उरला होता. कांदळवाडीचे गडी त्यात रुतत, एकमेकांना सावरत, पालखी डोक्याच्या वर धरून खाडीच्या मध्यावर आले आणि तिथे उभे राहिले.

दाजी बराच वेळ बघत राहिले. "धाकटी चिखलात उतरली," ते म्हणाले.

"कौल झाला नाय दाजी," शांताराम गुरव म्हणाला.

"बहिणीला भेटायला कौल लागत नाय."

त्यांनी वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि नारळ घेऊन पहिले उतरले. त्यांच्या मागे पालखी, पालखीमागे ढोल, ढोलामागे आख्खं हेदूळ. चिखलात नाचता येत नाही. पण त्या दिवशी माणसं नाचली, पडली, उठली, पुन्हा पडली, आणि दोन्ही पालख्या इतक्या जवळ आल्या की त्यांचे गोंडे एकमेकांत अडकले. हर्षदा शेवटचा माणूस काठावरून खाली उतरेपर्यंत खुर्चीत बसून होती. मग उठली आणि खुर्ची जीपकडे ओढू लागली. मी हात दिला.

जीपमध्ये, शाळेच्या वळणावर तिने विचारलं, "सर, पडला असता का?"

"मला माहीत नाही."

"हे वर्गात कधी म्हणाला नाहीत," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघू लागली.

नंतर तिला कारणे दाखवा नोटीस आली. कोणत्या आधारावर परंपरागत मार्ग अडवला, याचा खुलासा सात दिवसांत मागितला होता. तिने दीड ओळीचं उत्तर पाठवलं. त्याची प्रत माझ्याकडे आहे. 'साकव पडण्याची शक्यता होती. किती, हे मला माहीत नव्हते व इतर कोणासही नव्हते.' सरकारी भाषेत इतकं नग्न वाक्य मी दुसरं वाचलेलं नाही. तिची बदली झाली, घाटापलीकडे. मी दहावी 'ब'च्या भिंतीवरचे आकडे खरवडायला गेलो. ऑइलपेंट निघेना, तेव्हा त्यावर पांढरा रंग मारला. उरलेल्या अकरा शाळांतले तसेच राहिले. पुरस्कार कुणी परत मागितला नाही.

साकव पडला नाही. तीन आठवडे त्याच्या तोंडाला काटेरी फांद्या होत्या, मग त्या कुणी काढल्या ते कळलं नाही. पुढे नऊ वर्षं तो सायकली, भारे आणि रेंज शोधणाऱ्या आया यांना पेलत उभा राहिला. बाजारात मी दिसलो की हेदूळचा माणूस हमखास हाक मारायचा, "सर, उभा आहे हो अजून." मी म्हणायचो, "चांगलं आहे."

नऊ वर्षांनी शेजारी काँक्रीटचा नवा पूल झाला आणि जुना पाडायचा ठरला. मला त्या डाव्या काठाच्या आधाराचं आतलं बघायचं होतं. निवृत्त माणसाला असली कामं असतात. तारीख काढून सकाळी सातला पोचलो, तर तिथे दगडांचा ढीग होता. कामावरचा मुकादम बाहेरचा होता. हा काठ कालच काढला, म्हणाला.

"कसा पडला? लगेच, की जोर लावावा लागला?"

त्याने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "पडला तसा पडला, साहेब. आम्ही पाडायलाच आलो होतो."

नवा पूल बारा फूट रुंद आहे. तरी पालख्या त्याच्यावरून जात नाहीत. शिमग्याला दोन्ही बहिणी ओहोटीची वेळ बघून चिखलात उतरतात. पर्यटकांसाठी कुणीतरी रंगीत पुस्तिका काढली आहे, तिच्यात ही प्रथा तीनशे वर्षांची असल्याचं छापलं आहे. मी वाचलं आणि घडी घालून ठेवून दिलं. आकड्यांबद्दल मी आता कुणाला काही म्हणत नाही.

गेल्या वर्षी गेलो होतो. दाजी जाऊन पाच वर्षं झाली. शांताराम गुरव आता पालखीबरोबर उतरत नाही, गुडघे दुखतात, काठावर दगडावर बसतो. मी त्याच्या शेजारी बसलो. खाली चिखलात गोंधळ चालला होता. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "सर, त्या वर्षी सकाळी मी त्या भेगेत हात घालून बघितला होता. कोपरापर्यंत गेला."

मी जुना आधार होता त्या जागेकडे पाहिलं.

"पाकळ्या पाण्यानं लावायच्या असतात," तो म्हणाला. "त्या दिवशी भाताच्या शितानं लावल्या."

खाली दोन्ही पालख्या एकमेकींना टेकल्या. ढोलाचा आवाज चढला.

"दाजींना माहीत होतं?" मी विचारलं.

शांतारामने विचार केला. चांगला, पाकळी सुकायला लागते तेवढा वेळ.

"असेलही," तो म्हणाला.

किती, ते मी विचारलं नाही.